आई असतानाच

दादाला तिकडे पोचवायला निघालो त्या सकाळी आईने त्याच्या बॅगेत तीन वस्तू गुपचूप सरकवल्या होत्या. मेतकुटाचा डबा, खोबरेल तेलाची बाटली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून ठेवलेली पत्त्याची चिठ्ठी. मेतकूट आणि तेल समजू शकतं. चिठ्ठीला मात्र इतिहास आहे. १९८९ साली दादा एका रात्री न सांगता घराबाहेर पडला आणि चौथ्या दिवशी दौंड स्टेशनच्या फलाटावर सापडला. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात आमचा पत्ता असायचा. शर्ट धुवायला टाकताना आई चिठ्ठी काढून घ्यायची, इस्त्री होऊन आला की परत घालायची. शाई फिकी पडली की नवी लिहायची. आणि त्या रात्रीपासून ती बाहेरच्या दाराशी आडवं अंथरूण घालून झोपायला लागली. तीस वर्षं. बाबा गेले त्या रात्रीसुद्धा ती तिथेच आडवी झाली होती.

ही गोष्ट २०१९च्या नोव्हेंबरमधली. आई अठ्ठ्याहत्तरची, दादा पंचावन्नचा, मी एकोणपन्नासची. दादाला स्किझोफ्रेनिया आहे. तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले, आणि पुढचं शिक्षण, नोकरी, लग्न हे सगळं जिथल्या तिथे थांबलं. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पुढे एका सोसायटीत आम्ही सहा कुटुंबांनी मिळून एक रो-हाउस भाड्याने घेतलं होतं. सहा जणांनी एकत्र राहायचं, सोबतीला दोन मदतनीस, आठवड्यातून दोनदा येणारी सोशल वर्कर आणि महिन्यातून एकदा डॉक्टर. दादा त्या घरात राहायला गेला.

नातेवाइकांनी म्हणायचं ते म्हटलंच. आई जिवंत असताना पोराला बाहेर ठेवतात का कुणी? बहिणीला जड झाला. मावशीने तर फोनवर रडत रडत विचारलं, "अक्का डोळे मिटेपर्यंत तरी थांबायचं होतंस गं."

नेमकं तेवढंच मला करायचं नव्हतं.

आमच्यासारख्या कुटुंबांच्या स्वमदत गटात एक बाई येतात. त्यांच्या धाकट्या दिराचा आजार दादासारखाच. सासूबाई होत्या तोवर सगळं त्या बघायच्या. त्या गेल्या आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी घरच्यांनी त्याला गाडीत घालून एका संस्थेत नेलं. पंधरा दिवसांत त्या माणसाची आई गेली, खोली गेली, खिडकीतलं आंब्याचं झाड गेलं, चहाचा कप गेला, रोज संध्याकाळी ज्या वाण्याकडे जाऊन उभा राहायचा तो वाणी गेला. तो कितीतरी दिवस संस्थेच्या फाटकाशी बसून आईची वाट बघत होता म्हणे. आई गेली हे त्याला सांगितलं होतं, पण जिथे ती गेली ते घरच त्याच्या डोळ्यांसमोर नव्हतं, तर त्याला पटावं कसं? त्या बाई हे सांगत होत्या आणि माझ्या पोटात खड्डा पडत होता. कारण आमच्याकडेही हेच होणार होतं. त्यांच्या घरच्यांनी काही दुष्टपणा केला नव्हता. त्यांनी फक्त उशीर केला होता.

"आमच्यामागे याचं कसं होणार?" हा प्रश्न मी गेली तीस-पस्तीस वर्षं ऐकतेय. प्रत्येक पालक सभेत, प्रत्येक डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर. प्रश्न विचारताना आवाज बारीक होतो आणि समोरचाही मग हातावर हात ठेवून गप्प बसतो. मला वाटतं, या प्रश्नातला "मागे" हा शब्दच घात करतो. आपण असतानाच तो कुठेतरी रुजायला हवा. नवी जागा, नवी माणसं, नव्या सवयी या सगळ्याला ज्या माणसाला वर्ष-दोन वर्षं लागतात, त्याला आपण आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दुःखाच्या आठवड्यात घराबाहेर काढतो. आई असतानाच दादा गेला तर तो आईकडून दुसऱ्या घरी जाईल, वाटलं तर परत भेटायला येईल, रुसेल, फोन करेल. ती गेल्यावर गेला तर त्याला कुठेतरी "ठेवावं" लागेल. या दोन क्रियापदांमधलं अंतर मी मावशीला समजावू शकले नाही.

आईला समजावणं तर त्याहून अवघड होतं, आणि तिचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. तिने त्याला जगवलं. सुरुवातीच्या वर्षांत बाहेरचं काही लागलंय या समजुतीने तिने त्याला गाणगापूरला नेलं, चाळीस दिवस राहिली, संगमावर थंडीत पहाटे अंघोळी घातल्या. मग शॉक झाले, हॅलोपेरिडॉल झालं, त्याने हात थरथरायचे म्हणून पॅसिटेन आलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी क्लोझापिन सुरू झालं आणि आवाज मागे हटले. त्या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरू शकतात म्हणून नेमाने रक्त तपासायचं. ती तारीख आईच्या कालनिर्णयवर एकादशी-चतुर्थीच्या बरोबरीने लिहिलेली असायची. तिने एकही चुकवली नाही.

पण त्याच प्रेमातून घरातल्या आणखीही काही गोष्टी झाल्या. दादाच्या खोलीच्या दाराची कडी बाबांनी काढून टाकली होती, ती पुन्हा कधी बसलीच नाही. रात्री झोपताना आई गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवायची. चहा हातात मिळायचा, ताट वाढून समोर यायचं, अंघोळीचं पाणी काढून द्यायची, न्हावी घरी यायचा. दादाने काही मागायच्या आत ते त्याच्यापुढे असायचं. पंचावन्नाव्या वर्षी माझ्या भावाला एक काडी ओढून गॅस पेटवता येत नव्हता. आजाराने त्याचं बरंच काही नेलं, हे खरं. पण गॅस पेटवणं आजाराने नेलेलं नव्हतं.

एकत्र राहण्याची ही घरं आपल्याकडे कुठून आली हे मी तेव्हा शोधत होते. महाराष्ट्रात हे काम आधी उभं केलं ते मतिमंद मुलांच्या आईवडिलांनी. बदलापूरचं "आधार", डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेने उभारलेलं "घरकुल", ही पालकांनी स्वतः जमीन शोधून, पैसे गोळा करून, मुलं मोठी होत असताना बांधलेली घरं आहेत. त्या पालकांना जन्मापासून किंवा दोन-तीन वर्षांतच कळलेलं असतं की हे मूल आयुष्यभर आपल्या आधाराने राहणार. त्यांच्याकडे विचार करायला वीस वर्षं असतात. शाळेच्या फाटकाशी ते एकमेकांना भेटतात, त्यातून संघटना होते. १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा झाला तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीमार्फत पालकत्व ठरवता येतं. अठरा वर्षांपुढच्यांच्या निवासासाठी "घरौंदा" नावाची योजनाही त्यातूनच आली.

आमच्यासारख्यांचं तसं नसतं. आमचा माणूस वीस-बावीस वर्षं सगळ्यांसारखा असतो. दहावीला त्याचे गुण चांगले असतात, त्याचे मित्र असतात, त्याच्यावर सगळ्यांच्या आशा असतात. मग आजार येतो आणि पहिली दहा वर्षं तो पूर्वीसारखा होईल याची वाट बघण्यात जातात. लपवण्यातही जातात, हेही लिहायलाच हवं. माझ्या लग्नाच्या वेळी दादा "नोकरीसाठी इंदूरला" होता आणि प्रत्यक्षात मागच्या खोलीत होता. लपवणारी माणसं एकमेकांना भेटत नाहीत. म्हणून आमच्या संघटना उशिरा झाल्या आणि घरं त्याहून उशिरा. पुण्यात "सा"सारखी, म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारखी, संस्था झाली, ठाण्यात आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, झाली, तेव्हा कुठे आम्हाला एकमेकांचे चेहरे दिसले. या मंडळींनी मराठीला दोन सुंदर शब्द दिले आहेत. आजारी माणूस तो शुभार्थी आणि त्याची काळजी घेणारा तो शुभंकर. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते फार सोवळे वाटले होते. पण "तुमच्याकडे कोण पेशंट आहे?" असं तीस वर्षं विचारून घेतल्यावर "तुमचे शुभार्थी कोण?" असं कुणी विचारलं तेव्हा मला उत्तर देताना खाली बघावं लागलं नाही. शब्दाने एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

घर मिळवायला आम्हाला चौदा महिने लागले. तीन मालकांनी "बॅचलर" म्हटल्यावर नाही म्हटलं आणि दोघांनी खरं कारण सांगितल्यावर. शेवटी जे घर मिळालं तिथल्या सोसायटीने सभा बोलावली. मी गेले होते. "इथे लहान मुलं खेळतात," हे वाक्य त्या सभेत मी किती वेळा ऐकलं असेल. एका गृहस्थांनी अगदी सौम्यपणे सुचवलं की गावाबाहेर, मोकळ्या हवेत अशा लोकांना जास्त बरं वाटेल. मला तेव्हा नीट बोलता आलं नाही. नंतर घरी येऊन सुचलं ते असं, की आमच्या या सहा जणांनी आधीच आयुष्यातली शंभरावर वर्षं माणसांपासून लांब काढली आहेत. मोकळी हवा पुष्कळ झाली. आता त्यांना वाणी हवाय, चप्पल शिवणारा हवाय, "काय काका, जेवलात का?" म्हणणारं कुणीतरी हवंय. सभेत काही ठरलं नाही, मालक ठाम राहिले म्हणून आम्ही टिकलो. सहा वर्षं झाली. समोरच्या बाई दिवाळीचा फराळ पाठवतात. शेजारच्या बंगलीतले मात्र आजही आमच्यापैकी कुणी रस्त्यावर दिसलं की मुलांना आत बोलावतात.

त्या घरात दादाचे खोलीसोबती आहेत ते आमच्याहून वेगळ्या वाटेने आले. बावीस वर्षं ते एका सरकारी मनोरुग्णालयात होते. त्यांतली शेवटची कितीतरी वर्षं आजार आटोक्यात असूनही, केवळ न्यायला कुणी नाही म्हणून. त्यांचा पुतण्या पैसे पाठवतो, पण भेटायला आलेला मी पाहिला नाही. घरात सगळे त्यांना मास्तर म्हणतात, कारण आजारापूर्वी ते शाळेत शिकवायचे. मास्तर पहिले काही महिने बाथरूमला जाताना विचारायचे, "जाऊ का?" जेवणाची वेळ झाली की ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी रांगेत उभे राहायचे, रांगेत ते एकटेच. पिशवी बांधून उशाशी ठेवायचे, कारण वॉर्डात हातातून सुटलेली वस्तू परत मिळत नाही.

एकदा आमच्या सोशल वर्करने त्यांना सहज विचारलं, "मास्तर, उद्या भाजी कोणती करायची?" मी तिथेच होते. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला आधी वाटलं, त्यांना प्रश्न कळला नाही. मग लक्षात आलं की प्रश्न कळला होता, पण बावीस वर्षांत तो त्यांना कुणी विचारलाच नव्हता. "जी असेल ती," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिने विचारणं सोडलं नाही, त्या मुलीचं मला फार कौतुक आहे. सात-आठ महिन्यांनी एका संध्याकाळी मास्तर आपणहून स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "गवार." एवढंच. त्या रात्री स्वयंपाकाच्या मावशींनी दाण्याचा कूट घालून गवार केली. मास्तरांनी दोनदा भाजी मागून घेतली. मागून घेतली, हे मी मुद्दाम लिहितेय.

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मी एकेक कलम करून वाचला आहे, आणि त्याचं कलम १९ मला जवळजवळ पाठ आहे. प्रत्येक मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क आहे. घरच्यांनी नाकारलं, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही रुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही. आणि कलम १८ म्हणतं, हाफ-वे होम, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या टप्प्याची घरं, आणि आधारासह राहण्याची घरं, यांची सोय सरकारने करायची. मास्तरांच्या बावीस वर्षांचं वर्णन कुणी उलट्या बाजूने लिहून ठेवावं, तसं वाटतं वाचताना. कायदा २०१८च्या मे महिन्यात लागू झाला. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, त्यांतलं एकट्या येरवड्याचं २५४० खाटांचं. बाहेर येऊ शकणाऱ्या माणसांनी राहायचं कुठे याचं उत्तर आपण काय दिलं? २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला सांगावं लागलं की बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात पाठवणं ताबडतोब बंद करा. ती बातमी वाचली त्या दिवशी मला काम सुचलं नाही. भिक्षेकरीगृह! ज्या माणसाने कधी कुणापुढे हात पसरला नाही, ज्याला फक्त एक आजार झाला होता आणि तो आता आटोक्यात आहे, त्याला.

हे करता येत नाही असंही नाही. चेन्नईच्या "द बॅनियन" या संस्थेने "होम अगेन" या नावाने वर्षानुवर्षं रुग्णालयात राहिलेल्या चार-पाच जणांना साध्या वस्तीतली साधी घरं भाड्याने घेऊन दिली. लागेल तेवढीच मदत घरात ठेवली. रत्नागिरीतही ते काम आलं. त्यात काही दिव्य नाही. भाडं, किराणा, एक समंजस मदतनीस आणि वेळच्या वेळी औषध.

गाणगापूरचे ते चाळीस दिवस मला आठवतात ते एका कारणाने. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. देवळाच्या आसपासच्या खोल्यांतून दादासारखी कितीतरी माणसं आणि त्यांच्या आया राहत होत्या. सगळ्या बरं होण्याची वाट बघत. पुढे कधीतरी मी बेल्जियममधल्या गील गावाबद्दल वाचलं. तिथेही तसंच एक देवस्थान, संत डिम्फ्नाचं. मध्ययुगापासून वेड लागलेल्यांना तिथे आणायचे. चर्चमध्ये जागा पुरेना, तशी गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरांत ठेवून घेतलं. ते जे सुरू झालं ते आजतागायत चालू आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी त्या गावात असे साडेतीन हजारांवर पाहुणे होते. कुटुंबाला पैसे मिळतात, पण माणसाच्या आजाराचं नाव सांगितलं जात नाही. तो शेतावर जातो, मुलांना खेळवतो, टेबलाशी बसून जेवतो. आणि आपल्याकडे तमिळनाडूत एरवाडीला दर्गा आहे. तिथेही माणसं आणायचे, तिथेही जागा पुरायची नाही, आणि तिथे झोपड्या उभ्या राहिल्या. ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे एका झोपडीला आग लागली. साखळदंडांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. २८ जण गेले. श्रद्धा दोन्हीकडे होती, गर्दी दोन्हीकडे होती. एका गावाने खाट दिली आणि दुसरीकडे साखळी. मी एरवाडीची बातमी आईला वाचून दाखवली नव्हती. तिने ती स्वतःच वाचली आणि त्या रात्री दाराशी अंथरूण घालताना मला म्हणाली, "मी बांधलं नाही हो त्याला कधी." मी म्हटलं, नाहीच बांधलंस. ती तरीही बराच वेळ बसून होती.

आमच्या घरात सगळं सुरळीत चाललं असं नाही. दुसऱ्या वर्षी सगळ्यात तरुण जो आहे, चाळिशीचा, त्याने गोळ्या जिभेखाली धरून नंतर थुंकायला सुरुवात केली. आमच्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. तोवर तो रात्र रात्र जागायला लागला होता, टीव्हीवरची बाई आपल्याशी बोलते म्हणून एक दिवस त्याने टीव्ही फोडला, घरातल्या मदतनीस मामांच्या हाताला काच लागली. त्याला रुग्णालयात न्यावं लागलं, सहा आठवडे तो तिथे होता. त्या वेळी पालकांची जी बैठक झाली ती सोपी नव्हती. एका घरच्यांचं म्हणणं, त्याला परत घेऊ नये. त्यांची भीती खोटी नव्हती. शेवटी ठरलं ते मामांच्या शब्दाने, ज्यांच्या हाताला सात टाके पडले होते. ते म्हणाले, "खाट ठेवा त्याची. घरातला माणूस दवाखान्यात गेला म्हणून घरातून गेला असं होतं का?" खाट ठेवली. चादर दर आठवड्याला बदलत होतो. तो परत आला तेव्हा त्याचा टूथब्रश त्याच ग्लासात होता. तो ग्लासाकडे बघत उभा राहिला, मग जाऊन आपल्या खाटेवर बसला. आता त्याच्या गोळ्या मावशींसमोर घ्यायच्या असं त्यानेच कबूल केलंय. हे घर आणि संस्था यांतला फरक मला कुणी विचारला तर मी त्या रिकाम्या खाटेबद्दल सांगते.

खर्चाचं बोलायलाच हवं. आम्हाला माणशी महिना अठरा हजारांच्या आसपास पडतात, औषधं वेगळी. बाबांच्या पेन्शनमुळे आणि माझ्या नोकरीमुळे आमचं निभतं. सगळ्यांचं निभत नाही. आमच्या गटात घरकाम करून मुलीला सांभाळणाऱ्या एक ताई आहेत. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात, त्यात तिच्या महिन्याच्या गोळ्या आणि रक्ततपासणी कशीबशी भागते. त्या प्रत्येक बैठकीला येतात, मागच्या रांगेत बसतात, मुलींसाठी असं घर कधी होईल विचारतात. मी काय सांगणार? जे सहा कुटुंबांनी पैसे काढून केलं, ते पैसे नसणाऱ्यांसाठी सरकारने करायचं असं कायद्यात लिहिलेलं आहे. मी त्या ताईंना कलम १८ वाचून दाखवलं होतं एकदा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कागद चांगला आहे."

दादाला जाऊन चार महिने झाले आणि मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली. भेटी बंद. आईने मला तोंडावर काही म्हटलं नाही, पण तिच्या मनात काय चाललं होतं ते कळत होतं. स्वयंपाकाच्या मावशी तेव्हा रोज घरून येऊन जाऊन करायच्या, त्यांना येता येईना. मामा आणि दुसरे एक मदतनीस आतच अडकले. सहा जणांचा स्वयंपाक, भांडी, कपडे, औषधं. मग कामं वाटली गेली. स्वयंपाकघराच्या दाराला एक फळा लागला. कुणी कुकर लावायचा, कुणी केर काढायचा. दादाच्या नावापुढे लिहिलं होतं, सकाळचा चहा.

मामांनी त्याला पहिले पंधरा दिवस फक्त लायटर हातात धरायला दिला. मग बटन फिरवायला. दादाचे हात थरथरतात, त्यामुळे एकाच वेळी दोन्ही करणं त्याला जमेना. मग मामांनी युक्ती काढली. आधी लायटर पेटवून धरायचा, मोठ्याने "एक" म्हणायचं आणि मग बटन. तो आजही "एक" म्हणतो. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी त्याचा फोन आला. आईशी बोलायला त्याला फारसं काही नसायचं, "बरा आहे, जेवलो" एवढंच. त्या दिवशी म्हणाला, "आई, सहा कप चहाला साखर किती?"

आईने फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. मला वाटलं, घाबरली, गॅसजवळ जातो म्हणून. पाच मिनिटांनी बाहेर आली, डोळे पुसलेले होते, म्हणाली, "सांग त्याला, मास्तरांना मधुमेह आहे म्हणाला होता ना, त्यांचा आधी काढून ठेव. मग पाच कपांना सात चमचे."

सप्टेंबरच्या शेवटी तिला भेटायला नेलं. मास्क लावून, अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून. दादा आत गेला. आतून "एक" ऐकू आलं. थोड्या वेळाने तो ट्रे घेऊन आला, अगदी हळू, कपांवर डोळे ठेवून, पाऊल मोजत. थोडा चहा बशीत सांडला होता. आईने बशीतला आधी प्यायला. चव कशी होती हे तिने आजतागायत सांगितलेलं नाही, मीही विचारलं नाही. चौतीस-पस्तीस वर्षांत माझ्या भावाने आपल्या आईला काही दिलं नव्हतं, कारण आम्ही कुणी त्याच्या हातून काही घेतलंच नव्हतं.

आई आता चौऱ्याऐंशीची आहे. दाराशी झोपणं लगेच नाही सुटलं. दादा गेल्यावरही जवळजवळ वर्षभर ती तिथेच झोपत होती, मग गुडघ्यांनी खाली बसवेना म्हणून खाटेवर आली. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही जातो. ती चिठ्ठी दादाने टाकलेली नाही. मेतकुटाच्या त्याच डब्यात घालून कपाटात ठेवली आहे, मेतकूट कधीच संपलं. त्याच्या खोलीला कडी आहे, आतून. मास्तरांची पिशवी अजून उशाशी असते, पण तोंड बांधलेलं नसतं.

परवाच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा दादा पायात चप्पल सरकवत होता. भाजीची पाळी त्याची आणि मास्तरांची. "बसा तुम्ही," म्हणाला, "उशीर झाला तर मंडई उठते." आणि दोघं गेले. आई त्याच्या खाटेवर बसली. चादर हाताने सारखी केली, खिडकीकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"सोबत कुणी नाही गेलं?"

"मास्तर आहेत ना."

"मास्तर," ती म्हणाली. मग काही बोलली नाही. पाचेक मिनिटांनी उठून फळ्यापाशी गेली, चष्मा वर करून सगळी नावं वाचली, परत येऊन बसली. मावशींनी पाणी आणून दिलं. बाहेर फाटक वाजलं की ती मान वर करायची. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा ते दोघं होते. दादाच्या हातातली पिशवी जड होती, तो ती दोन्ही हातांनी धरून आत आला आणि ओट्यावर रिकामी करायला लागला. बटाटे, टोमॅटो, कोथिंबिरीची जुडी, अर्धा किलो गवार.

"मास्तरांना लागते," तो आईला म्हणाला. "निवडायला बसतेस?"

आईने पदर खोचला आणि ताट मागून घेतलं.